रुमालाखालची शाळा

भालकी,
१२ जानेवारी १९५५

गुंडेराव,
शरणु शरणार्थी.

आधी पाट्यांचा हिशेब, मग खुशाली. लातूरच्या बाजारात दगडी पाटी सहा आण्यांना मिळते. आमच्या पेठेत होऊ घातलेल्या शाळेसाठी तुझ्या शाळाखात्यानं शंभर पाट्या ‘फुकट’ पाठवल्या. त्या हैदराबादेहून रेल्वेनं निघाल्या, मोजणीसाठी बिदरला उतरल्या. मोजणारा सुटीवर, म्हणून तीन आठवडे तिथंच राहिल्या. मग पुन्हा चढल्या आणि भालकीला आल्या. सोबत शिपाई, शिपायाचा भत्ता, हमाली, स्टेशनापासून बैलगाडी. शाळेला अजून घर नाही, म्हणून तहसीलदारांनी गळ घातली आणि पेटी माझ्या वखारीत आली. उघडली तर शाबूत बासष्ट. सगळं धरून एक फुकट पाटी एक रुपया तीन आण्यांना पडली. आणि ती अजून एकाही पोराच्या हातात गेलेली नाही, कारण वाटपाचा हुकूम यायचाय.

हे टोचून लिहीत नाही. मी हुमनाबादच्या बाजारात पोती उचलायचो तेव्हाही तू माझ्याशी बोलायचास. आता तू शाळांचा इन्स्पेक्टर झालास तरी मी तुझ्याशी बोलतो. फिटंफाट.

आता माझ्या शाळेचं ऐक. कचेरीजवळची जुनी सरकारी शाळा आमच्या पेठेपासून लांब, आणि तिथं बसायलाही जागा नाही. म्हणून अडतीमागची वखार मी मोकळी केली. वीरण्णा मास्तर सकाळी मराठी वाचायला शिकवतात, दुपारी कानडी, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी थोडी उर्दू. पावकी, दीडकी, अडीचकी रोज. त्यांच्याआधीचा मास्तर वर्गात झोपायचा. पोरांच्या बापांनी त्याला दोन महिन्यांत निरोप दिला. तुमच्यात झोपणारा मास्तर पेन्शनीपर्यंत झोपतो, आणि त्याला उठवायला जो येतो त्याचा भत्ता वेगळा.

फी कशी ठरते ते तुला आवडेल. आमच्या बाजारात धान्याचा भाव कसा होतो ते तू पाहिलंस. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबतात, शेजारच्याला कळत नाही. तसंच इथं. सुगी झाली की एकेक बाप गादीवर येतो, रुमालाखाली माझा हात धरतो आणि वर्षाला किती पायल्या ज्वारी देणार ते बोटांनी सांगतो. कुणाचं कमी, कुणाचं जास्त, ते त्याला ठाऊक, मला ठाऊक आणि रुमालाला ठाऊक. कुणाची मान खाली जात नाही.

दुपारी बाजार निजतो. तुरीची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत असते, जागच्या जागी, जणू तिला कुठं जायचंच नाही. मी लोडाला टेकून डोळे मिटतो आणि भिंतीपलीकडून दीडकीचा पाढा येतो. बे दीडे तीन. आवाज पाण्यासारखा भिंतीतून झिरपतो. अर्ध्या झोपेत मला वाटतं आपण दोघं हुलसूरच्या रस्त्यावर आहोत, पंतोजींच्या गाडीत, आणि बैलांच्या घंटा पाढ्याला ताल धरतायत.

एवढं छातीवर हात ठेवून सांगतो: या पेठेत शिकायची इच्छा असलेलं एक पोर आता बाहेर राहिलेलं नाही. ज्याला हवं त्याचा बाप माझ्या रुमालाखाली हात घालून गेला.

तुझा
हावगेप्पा


बिदर,
२९ जानेवारी १९५५

प्रिय हावगेप्पा,
सप्रेम नमस्कार.

पाट्यांचं खरं आहे. मोजणारा सुटीवर होता हेही खरं, आणि त्याच्या जागी मोजायचा अधिकार मला नव्हता हे त्याहून खरं. हस, पण पुढचं नीट वाच.

हैदराबादेहून हुकूम आला आहे. मंजुरी नसलेल्या शाळा एक तर मंजूर करून घ्यायच्या, नाही तर बंद करायच्या. मंजुरीला दोन अटी. मास्तर ट्रेनिंग झालेला हवा आणि शाळेची भाषा एकच हवी. वीरण्णांकडे दाखला नाही आणि तुझ्या वखारीत तीन भाषा नांदतात. पेठेतली नवी शाळा होईल तेव्हा तिचीही भाषा एकच असेल, आणि लोकांना कोणती हवी ते मी कळवायचं आहे. जाहीर सभा घेतली तर काठ्या निघतील. तुझ्याशी लोक खरं बोलतात, तू हळूच विचारून बघ.

तुझ्या रुमालाबद्दल एकच शंका. ज्याच्या बोटांत काहीच नाही त्यानं काय दाबायचं? फुकट शाळा महाग पडते हे मान्य. पण तिच्या दारात कुणाला भाव सांगावा लागत नाही. आपण दोघं शिकलो ते पंतोजींनी तुझ्या वडिलांकडून काही घेतलं नाही म्हणून. तू ते विसरला नसशील.

ती गाडी मलाही आठवते. निजामाच्या वेळी परवानगीवाचून घरात शाळा भरवायला बंदी आली, तर पंतोजींनी आपल्याला बैलगाडीत बसवलं. चालती गाडी म्हणजे काही घर नव्हे. शिपाई रस्त्यात उभा राहून बघायचा आणि आपण त्याला पाढे म्हणून दाखवायचो. आता रस्त्यात उभा राहणारा शिपाई मी आहे. रात्री हे मनात आलं की झोप लागत नाही.

तुझी शाळा बंद करायचा कागद माझ्याच सहीनं निघेल. तो निघू नये अशी माझी इच्छा आहे. मला काहीतरी हातात दे.

गुंडेराव


भालकी,
२० मार्च १९५५

गुंडेराव,

तुझ्या शंकेचं उत्तर आधी. रिकाम्या हातानं काय दाबायचं? काही नाही. मूठ मिटून रुमालाखाली घालायची. मिटलेली मूठ म्हणजे ‘यंदा जमत नाही’. अशा मुठी मी घेतल्या आहेत आणि त्या कुणाच्या ते तुलाही सांगणार नाही. पंतोजींची गोष्ट मी विसरलेलो नाही, म्हणूनच ही सोय. तेव्हा हा वार चुकला, इन्स्पेक्टरसाहेब.

आता भाषेचं. होळीनंतर सुगीचा माल आला, तेव्हा बापही आले. बाकीच्यांना लांब काट्यापाशी थांबवून एकेकाला गादीवर घेतलं. मी रुमाल टाकला आणि म्हणालो, यंदा पायल्यांच्या आधी एक सांगायचंय. सरकारला एकच भाषा हवीय. एक बोट मराठी, दोन बोटं कानडी. दाबा.

पहिला अंबाजी. ऊस आणि तूर पिकवतो, माणूस सरळ. रुमालाखाली त्यानं माझी पाची बोटं एकदम धरली. बाजारात पंजा धरणं म्हणजे अख्खा ढीग उचलणं, हे तुला ठाऊक आहे.

मी म्हणालो, “अंबाजी, मी बोटं विचारायलोय, तू पंजा कामून धरायलास?”

“मग काय करू अण्णा? अर्धा ढीग घिऊन घरला गेलो तर बायकू इचारंल, बाकीचा कुणाला दिलाव म्हणून.”

त्याच्यानंतर सिद्धप्पा तेलवाला. त्यानंही पंजाच धरला, वर मलाच झापलं. “घरात कानडी बोलतो, उदगीरला मराठीत उधारी मागतो आणि कचेरीत उर्दूत हरतो. माझ्या पोरानं कुठंतरी जिंकायचं का न्हाई?”

ईरण्णानं एक बोट दाबलं, मग दोन दाबली, मग वैतागून पंजा धरला आणि म्हणाला, “तुमच्या सरकारला सांगा, भाजीत मीठ का मिरची असं कुणी इचारतंय व्हय?”

त्यांना एकमेकांचं काही कळलं नाही, तरी सगळ्यांनी पंजा धरला. एवढं एकमत सभेत झालं असतं का? सभेत प्रत्येकजण शेजाऱ्याकडं बघून बोलतो. रुमालाखाली माणूस पोराकडं बघून बोलतो. हे लिही तुझ्या कागदावर: भालकीच्या पेठेला अख्खा ढीग हवाय.

आणि आता एक स्वप्न सांगतो. परवा दुपारी पाढा ऐकता ऐकता डोळा लागला. बघतो तर आपलाच बाजार, पण पोत्यांच्या जागी मास्तर बसलेत. प्रत्येकापुढं एकेक ढीग. कुणापुढं मराठी, कुणापुढं कानडी, एकापुढं नुसते पाढे, पिवळे धमक, हरभऱ्याच्या डाळीसारखे. एक म्हातारा पंतोजी होता, त्याच्यापुढं काय होतं ते दिसलं नाही, पण त्याच्याभोवती थंडावा होता. पोरं आयांचं बोट धरून आली. प्रत्येकाच्या हातात सरकारी शिक्क्याची एक चिठ्ठी, सगळ्यांची सारखी, तहसीलदाराच्या पोराची तीच आणि हमालाच्या पोराची तीच. आया ढिगात हात घालायच्या, दाणा चावून बघायच्या, नाक मुरडून पुढं जायच्या. आवडला तर चिठ्ठी मास्तरला द्यायच्या. मास्तर ती खजिन्यात देऊन पगार घ्यायचा. झोपणाऱ्या मास्तरपुढं गर्दी नव्हती. आणि तू, गुंडेराव, डोक्याला फेटा बांधून मधोमध उभा होतास, हातात तराजू, फक्त मापात पाप होत नाही एवढं बघत. आनंदात दिसलास.

जागा झालो तर दीडकी संपून वर्ग कानडीत गेला होता. वाटलं, हे अवघड काय आहे? सरकारनं पैसा पोराच्या हातात द्यावा, शाळेच्या भिंतीला देऊ नये. भिंत कुठं शिकते?

हावगेप्पा


बिदर,
१७ जुलै १९५५

प्रिय हावगेप्पा,

तुझं स्वप्न मी दोनदा वाचलं आणि फाइलीत लावलं नाही. तिथं त्याला धाप लागली असती.

कागदावर मी लिहिलं: ‘लोकांची मागणी सर्व भाषांची आहे.’ फाइल हैदराबादेला गेली आणि शेरा मारून परत आली: ‘एकच लिहावी.’ मी एक शंका काढली आणि पुन्हा पाठवली. ती पुन्हा येईल. मग मी दुसरी शंका काढीन. फाइल वाटेत असेपर्यंत तुझी शाळा बंद करता येत नाही, कारण तिचा निकाल लागलेला नसतो. तुझ्या ध्यानात आलं का? पंतोजींची गाडी चालू आहे. सरकारच्या संथपणाची तू टिंगल करतोस, पण सध्या तुझं छप्पर तोच आहे.

या महिन्याच्या पाच तारखेला मी भालकीला येऊन गेलो. तू लातूरला गेला होतास. मुद्दाम कळवलं नव्हतं. तुझ्या अंगणात पोत्यावर तासभर बसलो. वीरण्णा चांगलं शिकवतात. माझ्या हातात असतं तर त्यांना दाखला दिला असता, पण दाखला देणारा मी नव्हे.

एक गोष्ट दिसली. ती लिहीत नाही. मी लिहिलं की ती खात्याची होते आणि तू तिच्याशी भांडायला उठशील. तुझे कान तिखट आहेत. रोज दुपारी तू भिंतीपलीकडचं ऐकतोस. एक दिवस भिंतीच्या अलीकडचं ऐक.

गुंडेराव


भालकी,
४ सप्टेंबर १९५५

गुंडेराव,

तू कोड्यात बोलायला लागलास म्हणजे वय झालं. पण मी ऐकलं. आठ दिवस डोळे मिटून, झोप न घेता ऐकलं. भिंतीच्या अलीकडं काय आहे? अंगण, काटा, पोती, धान्य चाळणाऱ्या बाया आणि मी. शेवटी वीरण्णा मास्तरांनाच विचारलं. ते आधी लाजले, मग म्हणाले, “अण्णा, राग धरू नका. दुपारी तुमचं घोरणं कानडीच्या तासाला जरा जड जातंय.”

हेच ना? सांगायचं होतंस सरळ. गादी हलवून पुढच्या ओट्यावर नेली. वर वखारीच्या भिंतीला दोन खिडक्या पाडल्या, कारण तुमच्या नियमात उजेड लागतो असं ऐकलं. आता उजेड एवढा आहे की पोरांना माशाही मोजता येतात.

फाइल चालती ठेवलीस त्याबद्दल तुझे उपकार मानतो. पण छप्पर म्हणालास ते पटलं नाही. माझ्या शाळेचं छप्पर म्हणजे त्या बापांचे पंजे. उघड तू तुझी फुकट शाळा, उद्या उघड. मी पैजेवर सांगतो, माझ्याकडचं एकही पोर तिकडं जाणार नाही. माणूस फुकटाला भुलतो खरा, पण ज्याची चव घेऊन बघितली ते सोडत नाही. पाट्यांची पेटी वखारीच्या कोपऱ्यात आहे. वाळवी लागत नाही ती फक्त पाट्या दगडाच्या आहेत म्हणून. तुझी शाळा उघडली तर पोरांवाचून बासष्टातल्या पन्नास उरतील आणि त्या मला परत मोजून देशील.

हावगेप्पा


बिदर,
२० सप्टेंबर १९५६

प्रिय हावगेप्पा,

वर्षभर पत्र नाही, कारण लिहावं असं काही हातात नव्हतं. आता आहे.

नोव्हेंबरच्या एक तारखेला आपलं हे राज्यच राहणार नाही. तिघांत वाटणी होते आहे. भालकी आणि बिदर म्हैसूरकडे, उदगीर मुंबईकडे. मला नांदेडला नेमलं आहे. कचेरीत फाइलींचे गठ्ठे बांधणं चालू आहे, हा त्या राज्याचा, हा या राज्याचा. तुझी फाइल कुणाची, ते कुणालाच ठरवता येईना. भाषा तीन, म्हणून तिन्ही गठ्ठ्यांत ती घालून पाहिली. शेवटी ती खिडकीत राहिली आहे. वाऱ्यानं पानं हलतात. नवीन साहेब येऊन तिला हात लावीपर्यंत तुझी शाळा चालेल, असा माझा अंदाज आहे. त्यापुढचं मला दिसत नाही.

पेठेतली सरकारी शाळा मात्र नक्की झाली. दसऱ्यानंतरच्या सोमवारी, रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात. भाषा कानडी. मास्तर दोन, दाखलेवाले. मी तेव्हा सामान बांधत असेन. जाताना एकच मागणं आहे. त्या दिवशी तू जा, बघ, आणि जे दिसेल ते मला लिही. तू सौदा कधी खोटा सांगितला नाहीस.

गुंडेराव


भालकी,
२० ऑक्टोबर १९५६

गुंडेराव,

हे पत्र नांदेडच्या पत्त्यावर पाठवतोय. मी गेलो होतो.

सकाळी तुझा शिपाई पाट्यांची पेटी न्यायला वखारीत आला. मी म्हणालो, मीही येतो, मोजून घ्यायला माणूस लागेल. मनात हसत होतो. धुकं होतं, रुळांवर दव होतं. मालधक्क्याच्या दाराला आंब्याची पानं लावलेली. दोन नवीन मास्तर कोऱ्या टोप्या घालून उभे, लग्नाला आल्यासारखे.

पोरं यायला लागली. धुक्यातून एकेक. मला वाटलं आपण पुन्हा त्या स्वप्नात आलो, कारण बऱ्याच जणांनी आयांचं बोट धरलं होतं. फक्त यातलं एकही पोर मी कधी बघितलं नव्हतं. बघितलं असणार, बाजारात, अंगणात, स्टेशनावर. पण पोर म्हणून बघितलं नव्हतं.

मग नागूबाई आली. गेल्या वर्षी पोत्यावर बसून तू बघितलंस ती हीच, हे आता कळतंय. माझ्या अंगणात सहा वर्षं धान्य चाळते. नवरा गेल्यापासून. दोन पोरी तिच्या, दोघींची वेणी घातलेली. मला बघून तिनं पदर पुढं ओढला.

मी म्हणालो, “नागूबाई, माझी शाळा तर तुझ्या चाळणीपासून हाकेच्या अंतरावर. इकडं कामून आलीस?”

तिनं पोरींना जवळ ओढलं. मी पुन्हा विचारलं. “ज्वारी नसती तर मूठ मिटून घालायची होतीस. मी काय न्हाई म्हणालो असतो?”

तेव्हा म्हणाली, “तसं न्हाई अप्पा. तुमी न्हाई म्हणाला नसताव. पर चार माणसात परक्या बाप्याच्या हातात हात मी रुमालाखाली कसा घालू?”

गुंडेराव, आमच्या बाजारात बायकांनी रुमालाखाली हात घालायची रीतच नाही. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. इतकं ठाऊक आहे की ते मला कधी आठवलंच नाही. रुमाल मी मान राखण्यासाठी टाकला होता. तिनंही मान राखला, आणि लांब राहिली.

तिच्यामागं हरिबा उभा होता, गावकुसाबाहेरचा. त्याच्या मालाचा भाव आम्ही चार हात लांबून तोंडानं सांगतो. त्याचा हात धरायचा असतो हे माझ्या मनातही आलं नव्हतं, आणि आम्ही घराण्यानं जात न मानणाऱ्या बसवण्णांचं नाव घेणारे. हरिबा मला म्हणाला, “तुमी बी पोरगं आणलाव का, अण्णा?” त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं.

मी म्हणालो, “न्हाई. पाट्या आणल्यात.”

अडतीवर परत येऊन ओट्यावर बसलो. पलीकडून दीडकी चालली होती, आणि अलीकडून चाळणी. सर्र, थांब, सर्र. रोज दुपारी तो आवाज पाढ्याखाली होताच. मी त्याला बाजाराचा आवाज समजत होतो.

तरी एक बजावतो. तिथं एकच भाषा आहे आणि त्या कोऱ्या टोपीवाल्यांतला एकजण उद्या झोपला तर नागूबाईला त्याला निरोप देता येणार नाही. माझं स्वप्न मी सोडलेलं नाही. त्यात आया होत्या, हे तू ध्यानात घे. झोपेत मला जे कळलं होतं ते जागेपणी कळायला इतके दिवस लागले, एवढंच. रुमाल घडी करून ठेवलाय. त्याच्या जागी काय ठेवायचं ते सुचत नाही. नांदेडचा बाजार मोठा आहे, तिथं काही वेगळी रीत दिसली तर कळव.

आता पैजेचं. माझ्या शाळेतून एकही पोर तिकडं गेलं नाही.

पाट्या कमी पडल्या.

हावगेप्पा